मागच्या रांगेतलं पुस्तक

मित्रांनो, मी जुनी आहे, सागवानी आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. अशा गोष्टीची सुरुवात शांतपणे करावी, आधी जन्म सांगावा, मग कामाची वर्षं सांगावीत, अशी रीत आहे हे मला ठाऊक आहे. पण मी ज्या घरात उभी आहे तिथं शांतपणे काही सांगण्याची सोय उरलेली नाही. आत्तासुद्धा घरधनी शेषराव हातात फडकं घेऊन माझ्यापुढे उभे आहेत आणि "आता पुस्तकं उंचीनं लावून पाहू," असं स्वतःशीच बोलत आहेत. उंचीनं त्यांनी मागेही एकदा लावून पाहिलं होतं.

मी मांडणी आहे, कपाट नाही. कपाटाला दारं असतात. मला दारं असती तर मी ती केव्हाच आतून लावून घेतली असती.

माझा जन्म इथलाच, देऊळघाटचा. संग्रामपूरकडून आलेल्या सागाच्या फळ्यांवर नौशाद मिस्त्रींनी रंधा फिरवला आणि रहेमतुल्लाभाईंच्या कापडदुकानासाठी मला उभं केलं. कापडाचं थान आत सरकवता यावं म्हणून माझे खण हातभर खोल ठेवले. ही खोली लक्षात ठेवा मित्रांनो, कारण पुढे सगळा घोटाळा तिच्यामुळेच झाला. मिस्त्रींचा यात काही दोष नाही. त्यांनी मला कापडासाठी केलं होतं. पुस्तकांचा विषयच नव्हता.

दुकानातली माझी वर्षं सुखाची गेली. वर रेशमी आणि लग्नाकार्याचं, हाताशी रोजचं सुती, खाली मांजरपाट आणि गणवेशाचं कापड. रहेमतुल्लाभाई गिऱ्हाइकाशी बोलता बोलता न बघता हात मागे न्यायचे आणि हवं तेच थान बाहेर यायचं. दुकान बंद करण्याआधी सगळं जागच्या जागी गेलंच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. "माल असून सापडत नसन, तं ते दुकान कायचं?" असं ते म्हणायचे. गिऱ्हाइकं माझं कौतुक करायची. कुणी माझ्या फळीवर टिचकी मारून "अस्सल सागवान दिसते," म्हणालं, की मी नुसती फुलून जायचे.

रहेमतुल्लाभाईंच्या बायकोचं नाव गुलनार. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती दुकानात येऊन माझ्या पायाशी सतरंजीवर बसायची आणि पुस्तक वाचायची. उर्दूतलं स्वयंपाकाचं छापील पुस्तक होतं ते. तिच्या आईनं तिला लग्नात दिलेलं. वाचून झालं की ती ते माझ्या खालच्या खणात ठेवून द्यायची, त्यामुळे त्याचं वजन आणि त्याचा हळदीचा वास माझ्या ओळखीचा झाला. पुढे पुस्तक खिळखिळं झालं, तेव्हा तिनं बुलढाण्याहून ते बांधून आणलं. बाइंडरनं वर काळं रेक्झिन चढवलं, नाव काही घातलं नाही, आणि शेवटी बरीच कोरी पानंही जोडली. ती कशाला, ते गुलनारनं मला सांगितलं नाही. मांडणीला कोण काय सांगतं म्हणा.

मग रहेमतुल्लाभाईंचा मुलगा फहीम दुकान बघायला लागला आणि दुकानात काचेचे शोकेस आले. त्या काचांत मी शोभेना. मी दोन दिवस अंगणात उभी होते आणि एक कोंबडी माझ्या वरच्या खणात बसायला लागली होती. इतकी वर्षं रेशीम सांभाळल्यावर कोंबडी! त्याच सुमारास गल्लीतलेच शेषराव एस.टी.तून निवृत्त झाले. बुलढाण्याच्या स्थानकावर ते वाहतूक नियंत्रक होते. रहेमतुल्लाभाई त्यांचे जुने मित्र. "तुमाले पुस्तकायचा शौक हाय, भाऊ. घेऊन जा हिले," असं म्हणून त्यांनी मला शेषरावांच्या समोरच्या खोलीत आणून उभं केलं. मला वाटलं, नशीब उघडलं.

मित्रांनो, पुस्तकं जमवणं ही चांगली गोष्ट आहे. मी तिच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. शेषरावांनी कुठून कुठून पुस्तकं आणली! मेहकरच्या बाजारातून आणली, खामगावच्या रद्दीवाल्याकडून आणली. हल्ली सत्काराला फुलांच्या गुच्छाऐवजी पुस्तक द्यायची पद्धत पडली आहे. शेषरावांना निवृत्तीच्या वेळी सगळ्या आगारानं पुस्तकं दिली, आणि सगळ्यांनी ती एकाच दुकानातून घेतलेली असल्यामुळे 'निवृत्तीनंतरचे सुखी जीवन' हे एकच पुस्तक माझ्या एका अख्ख्या खणात उभं राहिलं. त्यातली एकही प्रत त्यांनी कुणाला दिली नाही. भेट आलेली वस्तू द्यायची कशी, असं त्यांचं म्हणणं.

खरी गंमत लावण्याची. पहिल्यांदा त्यांनी पुस्तकं उंचीनं लावली. मग रंगानं लावली. मग धूळ बसते म्हणून प्रत्येक पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घातलं. खाकी रंगावर त्यांचा फार जीव. तीस-पस्तीस वर्षं त्याच रंगाचे कपडे अंगावर होते, तेव्हा सवय लागली असणार. कव्हर घातल्यावर सगळी पुस्तकं सारखी दिसायला लागली आणि रंगानं लावलेली रांग फुकट गेली, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. मग त्यांनी खडूनं माझ्या फळ्यांवर फलाट पाडले. पुस्तक कशाबद्दल आहे, लिहिलं कोणी, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. ते कुठून आलं, ते महत्त्वाचं. मेहकरहून आलेली एका फलाटावर, खामगावची दुसऱ्या. "गाडी कुठून आली ते समजलं पायजे," म्हणायचे.

आणि माझे खण पडले हातभर खोल. पुढे एक रांग लावून मागे एवढी जागा उरते, मग ती वाया कशी घालवायची? त्यांनी मागेही रांग लावली. मागच्या रांगेत गेलेलं पुस्तक पुन्हा उजेडात येणार नाही, हे कापडाच्या दुकानातला शेंबडा पोरगाही सांगेल. मी करकरून पाहिलं. त्यांनी माझ्या सांध्यात खोबरेल तेल सोडलं.

या घरात माझ्याशी धड वागलं असेल, तर ती शेषरावांची बायको आशाबाई. पण तिला मला हात लावायची मुभा नव्हती. "धूळ तं पुसू द्या," ती म्हणायची. "हात नको लावू, लाइन बिघडते," हे म्हणायचे. जानेफळच्या शाळेत ती सातवीपर्यंत शिकलेली. तिलाही एखादं पुस्तक वाचावंसं वाटत असेल, हे त्या गृहस्थाच्या डोक्यातच आलं नाही. तिच्या लोणच्याच्या बरण्यांची भिंतीलगतची जागा मी खाल्ली होती. तरी ती येता-जाता माझ्या कडेवरून हात फिरवायची, कारण मी गुलनारच्या दुकानातली.

गुलनार आणि आशाबाई यांची मैत्री गल्लीला माहीत होती. दुपारी गुलनार ते काळं पुस्तक घेऊन यायची. आशाबाई चुलीपुढे, गुलनार दाराच्या उंबऱ्यात, आणि दोघींच्या मध्ये मसाल्याचा डबा. गुलनार एक एक ओळ वाचायची, मग ती आपल्या बोलीत समजावून सांगायची, आणि आशाबाई त्याप्रमाणे करायची. बघारे वांगे, खट्टी डाळ, शीरखुर्मा, सगळं त्या उंबऱ्यातून आत गेलं. उलट आशाबाईनं कोहळ्याचे बोंड, म्हणजे लाल भोपळ्याची गोड भजी, तळले की गुलनार हात धुऊन बसायची. "आशा, तुहे बोंड मले लिहून घेऊ दे," ती म्हणायची. आशाबाई म्हणायची, "उद्या सांगीन. पीठ कालवतानी बोलू नको."

असं ते 'उद्या' बरीच वर्षं चाललं. पुस्तक कधी गुलनारच्या घरी असायचं, कधी आशाबाईच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर. दोघींना त्याचं काही वाटत नव्हतं.

मग आशाबाईच्या भावाचा पाय मोडला आणि ती माहेरी जानेफळला गेली. शेषराव घरात एकटे. मित्रांनो, रिकामा माणूस आणि खाकी कागदाची नवी गुंडाळी एका घरात कधी ठेवू नये. शेषरावांनी ठरवलं की घरातलं एकूण एक पुस्तक संग्रहात आलंच पाहिजे. देव्हाऱ्यातली पोथी आली, जुनी पंचांगं आली, मुलांची जुनी पाठ्यपुस्तकं आली, आणि स्वयंपाकघरातल्या फळीवरून गुलनारचं काळं पुस्तकही आलं.

मी ते ओळखलं. हळदीचा वास आला की मला कळलं. शेषरावांनी ते नेहमीसारखं आपल्या डाव्या बाजूनं उघडलं. पहिलं पान कोरं. पुढचंही कोरं. आता उर्दू पुस्तक उजवीकडून सुरू होतं, त्यामुळे आपल्याला जो आरंभ वाटतो तो त्याचा शेवट असतो, आणि शेवटी बाइंडरची कोरी पानं होती, हे त्यांना कोण सांगणार? माझ्या जिभेची सोय नौशाद मिस्त्रींनी केलेली नाही. शेषराव खूश झाले. "वा, कोरी वही! संग्रहाची यादी करायले कामी येईन," म्हणाले. त्यांनी तिला कव्हर घातलं, वर ठळक अक्षरांत 'कोरी वही' असं लिहिलं, आणि माझ्या तिसऱ्या खणात, मागच्या रांगेत, पंचांगांच्या शेजारी उभी केली. ती यादी त्यांनी आजतागायत केलेली नाही.

आशाबाई जानेफळलाच होती आणि इकडे गुलनार आजारी पडली. ताप डोक्यात गेला म्हणाले. आशाबाई पहिल्या गाडीनं निघाली, पण ती पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. नंतरचे कित्येक दिवस ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे पाठ करून बसायची. पुस्तकाची आठवण कुणाला राहणार? ते माझ्या पोटात होतं आणि कुणीही विचारत नव्हतं.

दोन-अडीच वर्षं गेली. गेल्या थंडीत गुलनारची मुलगी नाजिश आली. तिचा निकाह ठरला होता, सासर जालन्याचं. ती उंबऱ्यात तिच्या आईच्याच जागी बसली.

"काकू, अम्मीचं ते पुस्तक तुमच्यापाशीच हाय ना? नानीनं अम्मीले लग्नात देल्लं होतं. अम्मी म्हणे, तुह्या लग्नात तुले देईन. मले सोबत न्यायचं हाय."

"हाव बाई, माह्याच फळीवर होतं ते," आशाबाई म्हणाली. "उद्या शोधून ठेवीन."

फळीवर ते नव्हतं. डब्यांमागे नव्हतं, पेटीत नव्हतं, गोधड्यांच्या घडीत नव्हतं. संध्याकाळी आशाबाईनं नवऱ्याला विचारलं. "म्या जानेफळले गेलती तवा तुमीच पुस्तकं गोळा केले होते ना? त्यात गुलनारचं उर्दू पुस्तक होतं काय?"

"उर्दू?" शेषराव म्हणाले. "घरातलं एक एक पुस्तक माह्या हातातून गेलं हाय. उर्दू असतं तं मले दिसलं नसतं काय? उर्दू गाडी आपल्या फलाटावर लागलीच नाई."

तरी त्यांनी शोधलं, असं ते म्हणतात. त्यांच्या शोधण्याची तऱ्हा सांगते. ते पुस्तक बाहेर काढत नाहीत. मान वाकडी करून कव्हरावरची नावं वाचत जातात, जसे ते गाड्यांच्या पाट्या वाचायचे. तिसऱ्या खणात त्यांनी पुढची रांग थोडी बाजूला केली, मागे हात घातला, 'कोरी वही' वाचलं आणि ती आणखी आत ढकलली. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या फळीला तडा गेला असता तरी मला बरं वाटलं असतं. गेला नाही. अस्सल सागवान.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागत नाही. कुणीतरी म्हणालं, दिवाळीच्या साफसफाईत गेलं असेल रद्दीत. कुणीतरी पुढे जाऊन म्हणालं की आशाबाईनंच दिलं, तिला त्यातलं वाचता थोडंच येत होतं. हे आशाबाईच्या कानावर आलं त्या दिवशी तिनं भाकरी करपवली. मी या घरात आल्यापासून तसं कधी झालं नव्हतं.

मग रहेमतुल्लाभाई आले. ते रोज संध्याकाळी चहाला यायचेच, पण त्या दिवशी खुर्चीच्या कडेवर बसले.

"जाऊ द्या वहिनी," ते म्हणाले. "जुनं पुस्तक होतं. कोनाच्याही हातून हरपते. पोरगी समजून घेईन."

"भाऊ, म्या ते रद्दीत नाई देल्लं," आशाबाई म्हणाली.

"म्या कुठी म्हटलं तसं?"

"तुमी नाई म्हटलं. पन चहा काऊन नाई घेत?"

रहेमतुल्लाभाईंनी कप बाजूला सरकवला. "आज मन नाई," म्हणाले आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, तिसऱ्याही दिवशी नाही. आशाबाई मात्र त्यांच्या वेळेला दाराकडे बघायची. मैत्रीण गेली ते दुःख तिनं कसंबसं पचवलं होतं. त्या मैत्रिणीची ठेव आपण गमावली, आणि ती बिचारी वर कुठंतरी हे बघत असेल, ते तिच्यानं सोसवेना. मला सगळं माहीत होतं आणि मी भिंतीला टेकून उभी होते. आमच्या लाकडी जातीचा मला त्या दिवसांत फार राग आला.

एका दुपारी शेषराव हयातीच्या दाखल्यासाठी बुलढाण्याला गेले होते. आशाबाईनं पदर खोचला आणि मला रिकामं करायला घेतलं. एवढ्या वर्षांत तिचा हात पहिल्यांदा माझ्या खणात आत, अगदी भिंतीपर्यंत आला. ढिगामागून ढीग ओसरीवर गेले. खाकी, खाकी आणि खाकी. ती एक एक पुस्तक हातात घ्यायची, कव्हर उलटायची, पहिलं पान बघायची आणि बाजूला ठेवायची. मी जीव मुठीत धरून बघत होते. तिसरा खण आला. पुढची रांग गेली. मागची रांग आली आणि तिनं ते पुस्तक उचललं. तिनं कव्हर उलटलं. डावीकडून! पान कोरं. तिनं वर लिहिलेलं 'कोरी वही' वाचलं आणि ते पंचांगांवर टाकलं.

तेवढ्यात शेषराव आले. ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती.

"हे काय करून राह्यली तू? माह्या साऱ्या लाइनी मोडल्या!"

"मोडल्या तं मोडल्या," आशाबाई म्हणाली. मी तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. "गुलनारचं पुस्तक सापडत नाई, त्या लाइनी काय चाटाच्या हायेत? घर भरून पुस्तकं, आन् पायजे ते एक नाई! तुमी यातलं वाचलं कोनतं, ते तरी सांगा."

शेषराव ढिगाऱ्यात एका कोपऱ्यात बसले आणि दोघं मिळून पुस्तकं आत ठेवू लागले. 'कोरी वही' पुन्हा मागच्या रांगेत गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आशाबाई म्हणाली, "एखादी वही असन तं द्या. मले जेवढं याद हाय तेवढं नाजिशसाठी लिहून देईन. गुलनार वाचून दाखवे, ते कानात बसलं हाय. पुस्तक नाई तं नाई, पोरगी रिकाम्या हातानं नको जायले."

शेषराव उठले. मग त्यांनी तिसऱ्या खणाची पुढची रांग काढली, आत हात घातला आणि ती 'कोरी वही' बाहेर काढली. यादीसाठी म्हणून त्यांनी तिला जिवापाड जपलं होतं. "हे घे," ते म्हणाले. "चांगली हाय. बांधनी पक्की हाय." त्यांना ती देताना वाईट वाटत होतं, हे मला दिसलं, आणि तरी त्यांनी ती दिली. एवढ्यापुरतं मी त्यांना माफ केलं.

आशाबाई उंबऱ्यात बसली आणि लिहायला लागली. मी श्वास रोखून होते, म्हणजे लाकडाला जेवढं जमतं तेवढं. पहिल्यांदा बघारे वांगे लिहिले. मग खट्टी डाळ. प्रत्येक ठिकाणी 'गुलनार म्हणे' असं लिहून मग पुढचं. "गुलनार म्हणे, चिंच आधी नको घालू, वांगे रुसतात." लिहिता लिहिता ती मधेच हसायची, मधेच पदर डोळ्यांना लावायची. शीरखुर्मा झाला, लोणचं झालं आणि आठवणारं संपलं. कोऱ्यातली दोनच पानं उरली होती, पण ते फक्त मला ठाऊक होतं. मग तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'कोहळ्याचे बोंड'. "हे गुलनारले लिहून घ्यायचं होतं," ती स्वतःशी म्हणाली. कोहळं किती जुनं असावं, गूळ कधी घालावा, पीठ कालवताना का बोलू नये, सगळं लिहिलं.

शेवटची ओळ लिहून तिनं पान उलटलं आणि तिचा हात तिथंच थांबला.

पलीकडच्या पानावर छापील उर्दू होतं. कडेला हळदीचं बोट उमटलेलं होतं. गुलनारचंच बोट. मीठ किती, ते तिनं दाखवलं होतं तेव्हाचं.

"आवो!" ती ओरडली. "आवो, या इकडे!"

शेषराव धावत आले. "काय झालं? काऊन रडून राह्यली?"

तिनं पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी बघितलं, पान मागे उलटलं, पुढे उलटलं, कव्हरावरचं आपलं अक्षर बघितलं. मग त्यांनी पुस्तक पालथं केलं आणि उजवीकडून उघडलं. पहिल्याच पानावर गुलनारच्या आईनं निळ्या शाईनं काहीतरी लिहिलेलं होतं. शेषराव खाली बसले. "म्या तं उलट्या अंगानं उघडत राह्यलो," ते म्हणाले. त्यांचा चेहरा बघून मला हसू येत होतं आणि त्याच वेळी त्यांना एक लगावून द्यावीशीही वाटत होती.

आशाबाईनं दारातूनच हाक मारली. नाजिश तशीच कणकेच्या हातानं आली, मागून रहेमतुल्लाभाई आले. नाजिशनं हात पुसले आणि पुस्तक उजवीकडून उघडलं. आजीची ओळ वाचली. आईच्या बोटांचे डाग ती एका एका पानावर बघत गेली. शेवटी छापील पानं संपली आणि आशाबाईचं मराठी अक्षर लागलं. ती थांबली. मग पुस्तक फिरवून तिनं तेही वाचलं, अगदी बोंडापर्यंत.

"माफ कर बाई," आशाबाई म्हणाली. "मले वाटलं कोरी वही हाय. तुह्या अम्मीच्या पुस्तकात म्या लिहून ठेवलं."

नाजिशनं मान हलवली. "काकू, हे पानं अम्मीनं मुद्दाम जोडून घेतले होते. म्हणे, आशाचं लिहायचं हाय. मी म्हणत जाय, लिहीत काऊन नाई? तं म्हणे, ते रोज उद्या म्हणते."

आशाबाई नाजिशच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि शेषराव माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. रहेमतुल्लाभाईंनी खुर्ची पुढे ओढली, नीट टेकून बसले आणि म्हणाले, "वहिनी, चहा ठेवा."

पुस्तक आता जालन्याला आहे. नाजिशनं फोनवर सांगितलं की तिनं बोंड केले, पण पीठ कालवताना ती सासूशी बोलली आणि ते फसले. आशाबाई दिवसभर हसत होती.

या घरातही थोडं बदललं आहे. खाकी कव्हरं निघाली. 'निवृत्तीनंतरचे सुखी जीवन' गावभर वाटून झालं. मागची रांग आशाबाईनं बंद केली, तिथं आता तिच्या लोणच्याच्या बरण्या आहेत, आणि एखादं पुस्तक हवं असलं तर ती विचारत नाही, सरळ काढते. गेल्या आठवड्यात तिनं एक पुस्तक वाचून भलत्याच खणात ठेवलं. शेषरावांनी बघितलं, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. एवढी प्रगती आहे.

पण फडकं हातात घेऊन ते आज पुन्हा उभे आहेतच. उंचीनं लावून पाहणार म्हणे. लावू देत. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिच्यावर इतकी माया करा की खणात दुसऱ्याचं काही नाही ना, हे अधूनमधून हात घालून बघा. उसनं आणलेलं परत करा. आणि पुस्तकाला कव्हर घालण्याआधी ते एकदा दुसऱ्या बाजूनंही उघडून पाहा.